चांदणी काढलेली ओळ

सुनेने बटण दाबलं आणि वीस धड्यांचा फोल्डर क्षणात रिकामा झाला. टेबलावरचा माइक, खुर्चीवरचा सासऱ्यांचा मफलर, सगळं होतं तिथेच होतं. फक्त चार महिन्यांचं वाचन गेलं होतं.

सासरे निवृत्त शिक्षक. अंध मुलांच्या शाळेसाठी ते इतिहासाचं पुस्तक वाचून रेकॉर्ड करत होते. उद्या सकाळी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

वाचताना चुकलेल्या फाइलींची यादी सासरे स्वतः टाइप करत. ज्या चुकीचा फार राग येई, तिच्यापुढे जागा सोडून एक चांदणी. चाळीस वर्षं वह्या तपासल्यावर सवय जाते कुठली! सुनेने महिनाभराच्या संगणक-क्लासच्या जोरावर स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायचा हुकूम, लिहिली: यादीतली एकेक ओळ घे, ती फाइल पुसून टाक. उथळ पाण्याला खळखळाट फार. तिसरी ओळ होती 'बारा-खोकला *'. संगणकाच्या लेखी सुट्या चांदणीचा अर्थ एकच, इथलं सगळं. त्याने सगळं पुसलं आणि चकार शब्द काढला नाही.

"नावाला अवतरणचिन्हांत गुंडाळल्याशिवाय दाराबाहेर सोडू नका," असं क्लासच्या बाई घसा फोडून सांगायच्या. हिने तेव्हा नुसती मान डोलावली होती. ती चिन्हं घातली असती, तर 'अशी फाइल नाही' म्हणून संगणक कुरकुरला असता आणि गप्प बसला असता.

तिने कचरापेटी उघडली. तिथेही काही नव्हतं. स्क्रिप्टने पुसलेलं तिथे जातच नाही. मग तिला आठवलं, सतरा धडे गेल्याच आठवड्यात शाळेला पाठवले होते. शेवटचे तीन मात्र फक्त इथेच होते.

"झाली का गं साफसफाई?" सासरे दारात उभे होते.

ऑपरेशन होईपर्यंत लपवावं, असं तिच्या मनात आलं. पण आवाज गेल्यावर सांगून उपयोग काय?

"बाबा, शेवटचे तीन धडे गेले. माझ्या हातून गेले."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते.

"आज बोलायला बंदी नाही ना?"

"कमी बोला म्हणालेत डॉक्टर."

"मग कमीच बोलू. तीन धडे." त्यांनी मफलर गुंडाळला आणि खुर्ची ओढली.

पहिला धडा झाला, दुसरा झाला. प्रत्येक पानाला आवाज बसत चालला होता, आणि ती श्वास रोखून ऐकत होती. तिसऱ्याच्या शेवटच्या पानावर त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. सवयीने त्यांचा हात यादीत नोंद करायला कीबोर्डकडे गेला.

"हे पुसायचं. चांदणी टाक," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

तिने कीबोर्ड बाजूला सरकवला. रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.

"नाही पुसणार बाबा. खोकलाही तुमचाच आहे. वाचा पुढे."