टोपणावरची खूण

टोपण लावण्याआधी जरा माझं ऐका. मी शाईपेन बोलतोय.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. मला आठवतो तो एक शाळकरी पोरगा. घरात त्याला सोन्या म्हणत. गणित अडलं की तो माझं टोपण चावायचा. शिवणयंत्रावरून आई ओरडायची, "अरे, पेन आहे ते, खाऊ नकोस!" त्याच्या दातांची खूण अजून माझ्या अंगावर आहे.

मोठा झाल्यावर सोन्या भिक्खू झाला. मी आईच्या शिवणयंत्राच्या खणात बॉबिनांच्या सोबतीला पडून राहिलो. वर्षं गेली. आईला काचबिंदू झाला, सुईत दोरा ओवता येईना. दिसतंय तोवर लेकाचा चेहरा एकदा बघायचा, एवढाच तिनं ध्यास घेतला.

विहारात जायचं तर आधी पत्र लिहून परवानगी मागायची. आईनं मला बाहेर काढून शाई भरली आणि लिहिलं, 'माझ्या सोन्या, रविवारी संध्याकाळी येते. जेवण आणते, पोटभर जेव.'

लेकीनं, म्हणजे सोन्याच्या बहिणीनं, ते वाचून कपाळावर हात मारला. "आई, ते दुपारनंतर जेवत नाहीत! आणि सोन्या काय? 'आदरणीय भन्ते' लिही. येते नाही, 'येऊ का' असं विचार."

"ज्याचं नाक पुसलं, त्याला अहो-जाहो करू?"

"आता ते सगळ्यांचेच भन्ते आहेत गं."

आईनं पहिला कागद घडी करून खणात ठेवला. मग तिनं नवा कागद घेतला. 'आदरणीय भन्ते' तिनं एकेक अक्षर थांबून लिहिलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. शेवटी 'तुझी आई' लिहायला गेली, थांबली आणि नुसतं नाव लिहिलं.

परवानगी आली. मायलेकी सकाळीच गेल्या. आईनं तीनदा वाकून वंदन केलं. बाईच्या हातून ते थेट काही घेत नाहीत, म्हणून त्यांनी समोर कापड पसरलं. आईनं मला त्यावर ठेवलं. "पत्रं लिहायला होईल, भन्ते." तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

"सुखी व्हा," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

तेव्हापासून मी विहारात आहे. निब झिजली आहे, तरी भेटीला येऊ पाहणाऱ्यांना उत्तरं लिहितो. लोकहो, मायना जपून लिहा आणि समोरच्याचा मायनाही जपून वाचा. त्यात कुणाचा तरी जीव अडकलेला असतो.

परवा आईचं पत्र आलं, लेकीच्या अक्षरात. 'आदरणीय भन्ते, आता दिसत नाही. पण चेहरा बघून घेतला आहे.'

भन्ते उत्तर लिहायला बसले. विहारात येणाऱ्या कुठल्याही बाईला लिहितात तसं 'उपासिका' एवढं लिहिलं आणि पुढचं सुचेना. नकळत त्यांनी माझं टोपण दातांत धरलं, अगदी त्याच खुणेवर.