मी, रंगवलेला रहाट

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रहाट आहे. कॅनडात, ऑन्टारियोतल्या कालव्यावर, लॉकच्या खालच्या दाराशी माझा मुक्काम. इथे कालव्याला उतार आहे, म्हणून बोटी दोन दारांमधल्या दगडी हौदात, म्हणजेच लॉकमध्ये, घेतात. माझा दांडा फिरवला की झडप उघडते, पाणी ओसरतं आणि बोट अलगद खाली उतरते.

पूर्वी लॉकवाले रोज माझ्या दात्यांना ग्रीस चोपडत. पुढे मी वारसा ठरलो. दर वसंतात मला काळाभोर रंग मिळू लागला, शेजारी पितळी पाटी आली, ग्रीसचा डबा मात्र कुणाला आठवेना. मी कुरकुरू लागलो, तर पाहुणे म्हणाले, किती गोड आवाज! मीही खुळा, त्या कौतुकाने सुखावलो.

एका दुपारी मॉरीन आणि तिची धाकटी बहीण थेल्मा बोटीतून हौदात आल्या. नवरा गेल्यावर मॉरीन त्याची बोट पहिल्यांदाच चालवत होती. काठावरच्या खुंट्याभोवती दोर नुसता फिरवून हातात धरायचा, पाणी उतरेल तसा सोडत जायचा, हे तिने बहिणीला बजावलं होतं. पण थेल्माला फोटो काढायचे होते. तिने बोटीच्या नाकाकडचा, म्हणजे पुढचा, दोर खुंट्याला पक्का बांधला आणि ती काठावर चढली.

लॉकवाल्यांनी मला कुरकुरत फिरवलं, झडप उघडली, पाणी ओसरू लागलं. बोटीचं नाक वरच लटकलं, मागची बाजू खाली गेली. मॉरीन घसरली आणि मागच्या कठड्याला लोंबकळली. बोटीत पाणी शिरू लागलं.

लॉकमास्तर ऑर्व्हल आणि त्याची सहकारी डेल्फीन झडप पाडून पाणी थांबवायला माझ्या दांड्याला झोंबले. मी हलेना. मित्रांनो, मला हलायचं होतं हो! पण माझे दाते एकमेकांत गच्च रुतले होते.

"दोर कापा ना," थेल्मा रडत म्हणाली.

"कापला तर बोट तुमच्या बहिणीच्या अंगावर आदळेल, बाई," ऑर्व्हल म्हणाला.

डेल्फीन पळाली ती थेट काठावरच्या तळलेल्या बटाट्यांच्या गाडीकडे. तिथला तेलाचा डबा तिने माझ्यावर उपडा केला. दोघांनी पुन्हा जोर लावला. एक दाता तुटला, तो मी आनंदाने दिला. झडप बसली. मग वरच्या दाराची झडप उघडून त्यांनी हौद हळूहळू भरला. बोट वर आली, दोर सैल झाला.

मॉरीन काठावर चढून बसली. मग म्हणाली, "थेल्मे, धरायला सांगितलं होतं गं तुला. बोटीला फाशी द्यायला नाही." आणि दोघी गळ्यात पडून रडल्या.

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हल ग्रीस घेऊन आला. माझ्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचं कौतुक लांबून करू नका, हात लावून करा. हात काळे होतील, होऊ द्या. त्या दुपारी सगळ्यांचे हात स्वच्छ होते, आणि एक बाई मरता मरता वाचली.