नाकापुरती खाच

कपाच्या काठाला नाकापुरती खाच... तिच्या कडेवरून अंगठा फिरवत ती बसली होती, समोर संगणकाचा पडदा कोरा. ही खाच तिचीच. गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला मान मागे न टाकता पाणी पिता यावं, म्हणून तिने प्रयोगशाळेत कितीतरी कप कापले, फेकले, पुन्हा कापले, आणि शेवटी जो शोधनिबंध लिहिला त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. तेव्हा संस्थेची वेबसाइट सांभाळणारी मुलगी म्हणाली होती, "मॅडम, आकडे कोण वाचतंय? तुमच्या बाबांचं लिहा."

तिने लिहिलं. बाबांनी दोन्ही हातांत हा कप धरला, न ठसकता पाणी प्यायले आणि क्षणभर डोळे मिटले. खरं होतं ते, अक्षरन् अक्षर. लोकांनी डोक्यावर घेतलं. दवाखान्यांनी नमुने मागवले, अनोळखी लेकींनी 'माझे बाबाही प्यायले' असं कळवलं — तिचे बाबा तोवर गेले होते. आणि आज ती मुलगी दारातून डोकावून सहज म्हणाली, "तुमच्या नव्या चमच्यासाठीही असं एक होऊन जाऊ दे ना. बाबांचं काहीतरी उरलं असेलच की!"

उरली होती एक दुपार. बाबांनी कप तिच्याकडे सरकवला, "आधी तू पी" म्हणाले, आणि तिचं नाक खाचेत बसलेलं पाहून हसत सुटले, हसता हसता म्हणाले... काय बरं म्हणाले? नाकावरूनच काहीतरी. जीभ जड झालेली, तरी थट्टेची खोड जाते थोडीच! आई तेव्हा उशाशीच होती. तिने आईला फोन लावला.

"आई, बाबांनी मला त्या कपातून प्यायला लावलं, तेव्हा काय म्हणाले गं ते?"

"तुला कुठलं? तेच प्यायले. दोन्ही हातांत कप धरून. मग क्षणभर डोळे मिटले."

"ते नंतरचं. त्याआधी एकदा — तूपण हसलीस की!"

"मी?" आई समजूत काढल्यासारखी म्हणाली, "नसेल गं बाळा. असतं तर तू लिहिलं नसतंस का? मी रोज वाचते. पाठ झालंय मला."

फोन ठेवल्यावर तिला राग आला, कोणाचा ते कळेना. आईची दुपार आपणच पुसली... लिहिलं तर माझीही तशीच होईल, मी लिहीन तेवढीच. नाही लिहिलं तर ती माझ्या एकटीच्या डोक्यात, आणि तिथूनही एक वाक्य गळालेलंच आहे. तिकडे थरथरत्या हातांची माणसं चमच्याची वाट बघतायत. त्यांना काय सांगू — माझे बाबा संपत आलेत म्हणून?

तिने 'बाबा म्हणाले' एवढं लिहिलं आणि थांबली. पुढची वाक्यं भराभर सुचत होती, एकाहून एक सरस, सगळी बाबांना शोभणारी. तीच नको होती तिला.

तिने कपात पाणी ओतलं आणि ओठांना लावलं. नाक खाचेत नीट बसलं. ती कान देऊन राहिली, आणि हसू ऐकू आलं, बाबांचंच, अगदी खात्रीने बाबांचं... त्यामागून आलेले शब्द मात्र तिचे होते.