मिलमसाठी दाखला

दीनानाथने वर्तमानपत्राचा कागद फरशीवर पसरला आणि चंद्रप्रभाला त्यावर उभं राहायला सांगितलं. गुडघे टेकून त्याने तिची टाच सरळ केली, पेन्सिल उभी धरली आणि पावलाच्या कडेने रेघ ओढायला सुरुवात केली.

"माप संध्याकाळीच घ्यायचं असतं," तो म्हणाला. "दिवसभरात पाय सुजतात. चालतानाही सुजणार. सकाळच्या मापाचे बूट घेतले, तर तिसऱ्या दिवशी नखं जातील तुझी."

ती भिंतीला हात टेकून उभी होती. उजव्या पावलाची रेघ झाली. डाव्या पायावर भार दिला तशी गुडघ्यातून कळ गेली आणि पाऊल सरकलं. रेघ वाकडी झाली.

"हलू नकोस."

"गुडघा दुखतोय हो. दोन मिनिटं बसते, मग घ्या."

तो उठला. पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने तिच्या कानशिलात मारली. ती भिंतीवर आदळली, पण पडली नाही. त्याने नवा कागद आणला, पुन्हा गुडघे टेकले, तिची टाच नीट केली आणि पहिल्यापासून रेघ ओढू लागला. या वेळी ती हलली नाही. दोन्ही पावलं झाल्यावर बोटांपुढे अर्धा इंच जागा सोडून त्याने आणखी एक रेघ मारली. उतारावर बोटं पुढे सरकतात म्हणून.

दीनानाथ रेल्वेत पुलांचा इंजिनिअर होता. लग्न होऊन चंद्रप्रभा सांगलीहून लखनौला आली, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. येत्या मार्चमध्ये तो निवृत्त होणार होता. त्याआधी चंद्राला बर्फ दाखवायचा, असं त्याने ठरवलं होतं. आणि तोही शिमल्याचा, हजार लोकांनी तुडवलेला नव्हे. मुनस्यारी या डोंगरातल्या गावाहून गोरीगंगेच्या काठाने चार-पाच दिवस चालत गेलं की मिलम नावाचं जवळजवळ ओसाड गाव लागतं आणि त्याच्यापुढे हिमनदी. वाटेत दुकान नाही, दवाखाना नाही. वर्षानुवर्षं बाहेरच्यांना बंद असलेली ती वाट आता परवाना काढून जाणाऱ्यांना खुली झाली होती.

त्याने एक वही केली होती. वाटेतल्या लिलमपुढचा चढ चंद्राच्या गुडघ्याला झेपणार नाही, म्हणून तिथे घोडा. मुलगी स्वरदा घाईघाईने चढते आणि मग आजारी पडते, म्हणून रिलकोटच्या मुक्कामी एक दिवस जास्तीचा. तिकडच्या माणसांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही; सुया, जाड दोरा, तापाच्या गोळ्या, काड्यापेट्या न्यायच्या. वर नेलेला प्लास्टिकचा प्रत्येक कागद परत खाली आणायचा. एका मुक्कामाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथे चंद्राला ऊन असेपर्यंत बसू द्यावं.'

तो ऑफिसात गेला की चंद्रप्रभा ही वही काढून वाचायची. वहीतला माणूस तिला आवडायचा. त्याच माणसाने तिची करंगळी दारात चिरडली होती, पाहुण्यांसमोर त्याचं वाक्य तोडलं म्हणून तिचा डावा कान फोडला होता. त्या कानातून तीन दिवस पाणी येत होतं आणि चौथ्या दिवशी त्यानेच तिला स्कूटरवर बसवून औषध आणायला नेलं होतं. हे दोघे एकच आहेत, हे तिला कळत होतं. पण सव्वीस वर्षांत ते तिला एका जागी आणून बसवता आलं नव्हतं.

स्वरदावर मात्र त्याने कधी हात उचलला नव्हता. त्या एका गोष्टीच्या आधारावर चंद्रप्रभा त्या घरात राहिली होती.

परवान्याच्या अर्जाला तिघांच्या तब्येतीचा दाखला जोडायचा होता. कॉलेजात शिकवणाऱ्या स्वरदाने आपला आधीच आणला होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, एका शनिवारी सकाळी, दीनानाथ चंद्रप्रभाला घेऊन निशातगंजातल्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेला. वही त्याने बरोबर घेतली होती. डॉक्टरांनी ती कौतुकाने चाळली.

"बड़ी मेहनत की है आपने," ते म्हणाले आणि त्याच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळला.

पहिला आकडा त्यांनी कागदावर टिपला. त्याला दहा मिनिटं निजवून त्यांनी पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या हातावर.

"एक सौ नब्बे है, साहब. नीचे का एक सौ सोलह. गोली कौन सी लेते हैं?"

"कुछ नहीं. आज गर्मी है, स्कूटर पे आया हूँ."

"आज से लीजिए. मगर इस हालत में बारह हज़ार फ़ुट के लिए मैं नहीं लिखूँगा. वहाँ कुछ हुआ, तो ये आपको नीचे कैसे लाएँगी?"

दीनानाथने वही मिटली. डॉक्टरांनी चंद्रप्रभाला तपासलं. रक्तदाब ठीक होता, छाती स्वच्छ होती, गुडघ्यासाठी त्यांनी पट्टा लिहून दिला. मग कानात दिवा धरून पाहिलं. डाव्या कानाशी ते बराच वेळ थांबले. गालावरचा चार दिवसांचा पिवळा पडत आलेला डागही त्यांनी पाहिला.

"पर्दे में छेद है. ये कब का?"

"बचपन का है," दीनानाथ म्हणाला. "गाँव में तालाब में तैरती थीं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "आप बताइए," ते तिला म्हणाले.

चंद्रप्रभाने पदर खांद्यावर नीट घेतला.

"नवासी में," ती म्हणाली. "इन्होंने मारा था."

खोलीत पंख्याचा आवाज होता. बाहेर कोणीतरी बाकावर खोकलं. डॉक्टर अर्जावर काहीतरी लिहीत राहिले.

"सूखा है, पुराना है," अखेर ते म्हणाले. "पानी मत जाने दीजिएगा, रूई लगाकर रखिए. बाक़ी ऊँचाई पर औरों के कान दुखते हैं, इस वाले में आपको नहीं दुखेगा. छेद है न, हवा अपने आप बराबर हो जाती है." त्यांनी सही केली आणि शिक्का मारला. "आप जा सकती हैं."

परत येताना लू, ती उन्हाळ्यातली भाजणारी हवा, सुटली होती. स्कूटरवर मागे बसलेल्या चंद्रप्रभाने दाखल्याची घडी ब्लाउजमध्ये ठेवली होती.  फाटकावर दीनानाथने नेहमीसारखी स्कूटर थांबवली, ती उतरेपर्यंत पाय रोवून धरली, मग सावलीत नेऊन लावली.

घरात स्वरदा कूलरमध्ये पाणी भरत होती.

"क्या बोले डॉक्टर?"

"जायचं रद्द," दीनानाथ म्हणाला.

चंद्रप्रभा चपला काढत होती. "मी आणि स्वरदा जाऊ," ती म्हणाली. "मला दाखला मिळालाय."

तिला वाटलं होतं, आधी शब्द येतील. शब्द आले नाहीत. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. स्वयंपाकघराच्या दारात ती खाली बसली तेव्हा त्याने लाथ घातली. लाथ बरगडीखाली लागली आणि तिचा श्वास अडकला. तो ओरडत नव्हता. पुलावर मजुरांना सांगतो तशा सपाट आवाजात बोलत होता.

"परक्या माणसासमोर. माझ्या तोंडावर. परक्या माणसासमोर."

"पापा, छोड़िए. छोड़िए उनको." स्वरदाने मागून त्याचा हात धरला.

त्याने हात झटकला. ती पुन्हा पुढे आली आणि दोघांच्या मधे उभी राहिली. तेव्हा त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. स्वरदा कूलरवर पडली. पाण्याची बादली कलंडली. तिचा ओठ फाटला होता आणि हनुवटीवरून रक्त पांढऱ्या कुर्त्यावर गळत होतं. तिने बोटांनी दात चाचपला आणि वडिलांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

दीनानाथने हात पुन्हा वर केला.

चंद्रप्रभा केव्हा उठली, हे तिला नंतर आठवलं नाही. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता ओट्यावर होता. तो तिने दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या वर गेलेल्या हातावर मारला. हात खाली आला. तिने दुसऱ्यांदा मारलं, मनगटाच्या जरा वर, आणि या वेळी वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. दीनानाथ ओल्या फरशीवर बसला. हात त्याने मांडीवर घेतला. तो भलत्याच ठिकाणी वाकला होता.

तिने बत्ता तिसऱ्यांदा उचलला. समोर त्याचं डोकं होतं. विरळ केस, मधे टक्कल, त्यावर घामाचे थेंब. किती सोपं आहे, असं तिला वाटलं. आणि तसं वाटल्यावरही तिचे हात खाली आले नाहीत.

"मम्मी," स्वरदा म्हणाली. "बस."

चंद्रप्रभा तशीच उभी राहिली. मग तिने बत्ता ओट्यावर ठेवला, नळ सोडला आणि हात धुतले. हात थरथरत नव्हते. याचीच तिला पुढे कित्येक दिवस भीती वाटत राहिली.

दवाखान्यात तिघांनाही एकाच खोलीत बसवलं. स्वरदाच्या ओठाला तीन टाके पडले, चंद्रप्रभाच्या डोक्याला पाच. कंपाउंडरने नोंदवही उघडून विचारलं, कसं झालं.

"स्कूटर फिसल गई," दीनानाथ म्हणाला.

"नहीं," चंद्रप्रभा म्हणाली. "इन्होंने हमें मारा. इनका हाथ हमने तोड़ा."

कंपाउंडरने तिच्याकडे, मग दीनानाथकडे पाहिलं. सहा फुटांचा माणूस, खिशाला रेल्वेचं ओळखपत्र. तो हसला आणि 'स्कूटर' असं लिहून त्याने पान उलटलं.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस दीनानाथ रजा घेऊन घरीच होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. चंद्रप्रभा त्याचा भात कालवून, चमचा ठेवून बाजूला व्हायची. रक्तदाबाची गोळी सकाळी पाण्याबरोबर ठेवायची. त्याचा डावा हात मोकळा होता. तो कुठे आहे, टेबलावर की मांडीवर, यावर खोलीत असेपर्यंत तिची नजर असायची. स्वरदा वडिलांच्या खोलीत जात नव्हती. मुनस्यारीला पाठवायचा अर्ज तिने दोन नावांनी पुन्हा लिहिला आणि टपालात टाकला.

परवाना आला त्या दुपारी त्या दोघी जेवणाच्या टेबलावर नकाशा पाहत होत्या. दीनानाथ दारात येऊन उभा राहिला.

"बुगडियारच्या आधी एक पूल आहे," तो म्हणाला. "वहीत लिहिलेलं नाही. दोन लाकडं टाकलीत नुसती, वर दगड. दर हिवाळ्यात वाहून जातो, मेमध्ये पुन्हा घालतात."

दोघींनी वर पाहिलं नाही.

"एका वेळी एकानेच जायचं. घोड्याला आधी जाऊ द्यायचं, मोकळा. तो थांबला तर समजायचं, लाकूड हललंय. दुपारी बारानंतर जायचंच नाही, बर्फ वितळून पाणी चढतं."

चंद्रप्रभाने पेन घेतलं. "बारानंतर नाही," ती म्हणाली आणि नकाशाच्या कडेला लिहून घेतलं. "आणखी?"

तो बराच वेळ सांगत राहिला. ती लिहीत राहिली. जाऊन आलेल्यांना विचारून विचारून त्याला सगळं ठाऊक झालं होतं. दगड कुठे सुटतात, वारा केव्हा उठतो, कोणत्या उतारावर घाई करायची नाही. सांगताना त्याचा आवाज मऊ झाला होता. स्वरदा मधेच उठून बाल्कनीत गेली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेपाचला, खाली सायकलरिक्षा येऊन थांबली. हल्द्वानीची बस कैसरबागहून सुटणार होती. स्वरदा दोन्ही पिशव्या घेऊन पुढे उतरली. दीनानाथ दाढी करून, धुतलेला शर्ट एका बाहीने अंगात घालून बाहेरच्या खोलीत बसला होता.

"सत्तावीसला परत ना?" त्याने विचारलं. "मी येतो बसस्टँडवर. तोवर प्लास्टर निघेल."

"आम्ही तिकडून दिल्लीला उतरतोय. वसुधाकडे." वसुधा तिची धाकटी बहीण.

"किती दिवस?"

चंद्रप्रभाने स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण बंद आहे ना ते पाहिलं. परत आली.

"मलिहाबादचा भैया गुरुवारी दशहरी आंब्यांची पेटी आणून देईल," ती म्हणाली. "कच्चे असतील. कागदात गुंडाळून पलंगाखाली ठेवा. एकावर एक रचू नका."

"किती दिवस, चंद्रा?"

"रोज बघत जा. पिकलेला आधी संपवा, नाहीतर शेजारचे नासतात."

तिने दार हलकेच ओढून घेतलं. जिन्यावर तिची पावलं वाजली, मग रिक्षाची घंटी, मग काही नाही. दीनानाथ थोड्या वेळाने उठला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. गुरुवारच्या चौकोनात, डाव्या हाताने, लहान मुलासारख्या वाकड्या अक्षरांत त्याने 'आंबे' असं लिहिलं. मग सत्तावीसचा चौकोन शोधला. त्यावर पेन टेकवून तो उभा राहिला.