पुढचं उजवं चाक

माणूस गाडी कशी चालवतो ते कळायला त्याच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायची गरज नाही. खाली वाकून चाकं पाहावीत. जपून चालवणाऱ्याच्या चाकांवर नुसती धूळ असते, ओलं फडकं फिरवलं की जाते. कचकनच्या चाकांवरचा काळा थर मात्र फडकं, साबण आणि शिव्या यांपैकी कशालाच दाद देत नव्हता.

कचकन हे काही त्याचं नाव नव्हे. गाडी समोरच्याच्या अंगावर न्यायची आणि बोटभर अंतर राहिलं की कचकन ब्रेक मारायचा, ही त्याची रीत. सासऱ्याच्या गॅरेजमध्ये कामाला होता तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. घरीही तो तसाच. आवाज चढत जायचा आणि थांबायचा तो काहीतरी मोडूनच. आधी कपबशा, मग खुर्ची, मग दाराची कडी. या खेपेला बायकोचं मनगट. हा चढता क्रम पाहिला तर पुढची पाळी कशाची, हे सांगायला फार शिकायला नको होतं.

ते त्याच्या बायकोनं, म्हणजे ताईनं, बरोबर ओळखलं होतं. गाडी तिच्या नावावर होती. ती विकायची, दुसऱ्या गावात खोलीचा ॲडव्हान्स भरायचा आणि परत फिरायचं नाही. आज विकली तर सुटका. नाही विकली तर संध्याकाळी पुन्हा त्याच दाराशी. कचकन झोपेत असताना तिच्या धाकट्या भावानं गाडी गॅरेजमध्ये आणली होती. बाप गेल्यापासून गॅरेज तोच चालवायचा.

गिऱ्हाईक होत्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाई. या बाई इंजिन ऐकत नसत, सीटवर बसून पाहत नसत. आधी चाकाच्या आत बोट घालायच्या. ब्रेक जाळणाऱ्यानं क्लच आणि गिअरबॉक्सचे हाल केलेच असणार, असं त्यांचं गणित, आणि ते सहसा चुकत नसे. म्हणून भावानं चारही चाकं उतरवून आतून-बाहेरून घासायला घेतली होती.

"निघतंय का?" ताईनं विचारलं. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"निघतंय कसलं! लोखंडाची भुकटी आहे ही. तापून तापून चाकात भाजली गेलीय." भावानं चाकं साफ करायच्या औषधाचा फवारा मारला. थराला लागलं तसं औषध जांभळं झालं आणि ओघळायला लागलं. "बघ, रक्त आल्यासारखं दिसतं ना?"

"माझ्या नाकातून येतं ते लाल असतं," ताई म्हणाली. "घास तू."

भाऊ घासत राहिला. औषध वाळू द्यायचं नाही, खरवडायला पत्रा लावायचा नाही, नुसता ब्रश आणि दम. दुपारपर्यंत चाकं अशी निघाली की जणू गाडी कोणा मऊ स्वभावाच्या माणसानं देवळापासून घरापर्यंतच चालवली असावी.

बापाच्या वेळचा या गॅरेजचा एक नियम होता. चाक चढवणाऱ्यानं नट हातानं फिरवायचे, गाडी जॅकवरून उतरवायची आणि बाजूला व्हायचं. पान्यानं घट्ट आवळायचं ते दुसऱ्यानं. स्वतःचं काम माणूस डोळे मिटून बरोबर धरतो, असं बापाचं म्हणणं. दुसरा येऊन आवळेपर्यंत स्टिअरिंगला लाल फडकं बांधलेलं राहायचं. फडकं दिसलं की गाडीला हात लावायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. कचकननं स्वतः ते फडकं बांधण्यात काही वर्षं घालवली होती.

लहानपणापासून आवळायचं काम ताईचं. आज एकच हात चालू होता, म्हणून ती पाना नटवर बसवून त्याच्यावर चक्क उभी राहायची. तीन चाकं झाली. पुढचं उजवं राहिलं, तेवढ्यात बाईंचा फोन आला: निघालेय, कागद काढून ठेवा. ताई कागद आणायला आत गेली.

आणि फाटक लाथेनं उघडलं.

"माझी गाडी विकताय? मला टायरवाल्याकडून कळतं?"

"भावजी, बसा. पाणी घ्या आधी," भाऊ उठत म्हणाला.

पाणी कचकननं घेतलं. चाकं धुतल्याची बादली उचलून ती भावाच्या तोंडावर रिकामी केली आणि मग बादलीही तोंडावर घातली. भाऊ कोलमडला. कचकननं त्याला कॉलरला धरून उभं केलं आणि डोकं बॉनेटवर आपटलं. एकदा. पुन्हा.

"भावजी, सोडा. अहो भावजी, ऐकून तर घ्या!"

मार खातानाही त्याचं अहोजाहो सुटत नव्हतं. त्या घरचं वळणच तसं, आणि त्या वळणाचा फायदा कचकन लग्नापासून घेत आला होता. भावाचा हात चाचपडत ब्रशवर पडला. लाकडी मुठीचा, जाड. त्यानं तो उलटा धरला आणि कचकनच्या नाकावर हाणला.

"माफ करा, भावजी," तो म्हणाला आणि त्याच जागी पुन्हा हाणला.

आता रक्ताचा रंग कळायला औषध लागत नव्हतं. कचकन नाक धरून मागे सरला आणि त्याला दारात कागद घेऊन उभी असलेली ताई दिसली.

"आण ते इकडे."

"नाही."

एवढ्या छोट्या उत्तराची त्याला सवय नव्हती. त्यानं तिच्या थोबाडीत अशी मारली की ती जॅकवर जाऊन पडली. पण कागद तिनं पोटाखाली धरले आणि त्यांच्यावर पालथी पडून राहिली. पाठीत लाथ बसली तरी उलटली नाही.

"ठेव!" कचकन ओरडला. "कागद तुला, गाडी मला. बघू काय विकतेस ते!"

किल्ली गाडीलाच होती. तो आत बसला, स्टिअरिंगवरचं लाल फडकं हिसडून काढलं, त्याला नाक पुसलं आणि खिडकीतून फेकून दिलं. ते फडकं काय सांगतं, हे जगात ज्या तीन माणसांना माहीत होतं त्यांतला तो एक. पण त्या क्षणी त्याला नाक पुसायला काहीतरी हवं होतं, एवढंच.

ताईनं जमिनीवरून मान वर करून हे पाहिलं.

"भावजी, थांबा! नट आवळलेले नाहीत!" भाऊ बोंबलला.

"तुझ्या डोक्याचे!"

गाडी फाटकातून सुटली. त्याच वेळी ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाई आपली गाडी बाहेर लावून चालत आत येत होत्या. त्यांनी भिंतीकडे उडी मारली, पदर झटकला आणि रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "हा गेला नाहीये. वळायला गेलाय."

त्यांना माणसं बरोबर ओळखता यायची. रस्त्याच्या टोकाला गाडी गरकन वळली आणि परत निघाली. पुढून खडखड आवाज येत होता, पण कचकनच्या कानांत स्वतःचाच आवाज एवढा होता की दुसऱ्याला जागा नव्हती. भाऊ फाटकाच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत होता. तो गाडी थांबवायला उभा होता. कचकनला वाटलं, हा आडवा येतोय. त्यानं वेग वाढवला. माणूस चिरडायचा की नुसता घाबरवायचा, हे त्याचं त्यालाही आजवर कधी आधी ठरवता आलं नव्हतं. भावाच्या गुडघ्यांपासून हातभर अंतर राहिलं आणि पाय सवयीनं ब्रेकवर गेला. कचकन.

चाक निखळलं. गाडीनं उजवीकडे गुडघा टेकला, फाटकाच्या खांबात घुसली आणि मागून उचलली जाऊन धाडकन खाली आदळली. निखळलेलं चाक भावाच्या कमरेला घासून गेलं आणि गटारात पडलं.

कचकन जिवंत होता. छातीवर स्टिअरिंग, एक पाय चेपलेल्या पत्र्यात, तोंडात दातांचे तुकडे. ताई पाना घेऊन लंगडत आली आणि अडकलेल्या दाराच्या फटीत तो घालून रेटू लागली. दार उघडलं तसा त्यानं तिचा प्लास्टरमधला हात धरला आणि पिरगाळला.

"तूच केलंस हे. तूच."

"अहो, सोडा."

त्यानं आणखी पिरगाळला. प्लास्टर करकरलं.

"सोड," ताई म्हणाली आणि उजव्या हातानं पाना त्याच्या मनगटावर घातला. वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. त्यानं सोडला.

थोडा वेळ नुसतं त्याचं किंचाळणं ऐकू येत होतं. मग ताई बाईंकडे वळली. "गाडी पाहिलीत. काय देणार?"

"आता? भंगाराचा भाव."

"सांगा भंगाराचा."

"ताई, आधी ॲम्ब्युलन्स!" भाऊ ओरडला.

"मग लाव की फोन. तुझे दोन्ही हात मोकळे आहेत."

बाई वाकल्या, मागच्या चाकात बोट घातलं आणि बोटाकडे पाहिलं. मग भंगाराच्या भावापेक्षा थोडा वरचा आकडा सांगितला. ताईनं घासाघीस केली नाही. खोलीचा ॲडव्हान्स निघत होता, त्यापुढचं त्यापुढे. बाईंच्याच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिनं सही केली. सहीवर नाकातलं रक्त थेंबभर सांडलं, ते तिनं अंगठ्यानं पुसलं.

भाऊ फोन करून आला. कपाळावर टेंगूळ, शर्टावर जांभळे ओघळ. "मी ओरडलो होतो ना, ताई? तू ऐकलंस ना?"

"ओरडलास. सगळ्यांनी ऐकलं."

"तू नाही ओरडलीस."

"नाही."

गाडीतून कचकन त्यालाच हाका मारत होता, जन्मात पहिल्यांदा नावानं. भाऊ तिकडे गेला आणि त्याच्या मोडलेल्या हाताखाली आपला हात धरून उभा राहिला.

"स्टँडवर सोडू का?" बाईंनी विचारलं.

ताई त्यांच्या शेजारी बसली. ही शिकवायची गाडी. बाई पट्टा ओढत म्हणाल्या, "तिकडेपण ब्रेक आहे हं. चुकून पाय पडायचा."

ताईनं दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसली.