पेवाच्या कडेची ज्वारी

मी मंगळवेढ्याच्या निंगव्वाचं पेव बोलतोय. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र दोन पुरुष खोल. मला खणताना एक गडी आत वाट चुकला, तो तीन दिवसांनी सांगोल्याच्या बाजारात निघाला म्हणतात. नाही पटत? बरं, निम्मं धरा.

पण बाहत्तरच्या दुष्काळात अख्ख्या गल्लीच्या भाकरी माझ्या पोटातून निघाल्या, हे मात्र खरं. तेव्हा मी जो रिकामा झालो, तो चौऱ्याहत्तरच्या सुगीलाच पुन्हा भरलो. बुडाला आणि कडेला भुसा, मध्ये ज्वारी, तोंडावर दगड आणि मातीचं लिंपण. मग दोन वर्षं गप्प.

शहात्तरला मला उघडलं. दोन दिवस वारं खाऊ दिलं, मग दोरीनं कंदील आत सोडला. तो विझला नाही, तेव्हा निंगव्वाचा दीर शिवप्पा उतरला. मधली ज्वारी छान होती. कडेची मात्र काळी-हिरवी, गोळे झालेली, कुबट. आमच्याकडची रीत अशी, की मधले दाणे माणसाला आणि कडेचे जनावराला. "जनावराला समदं पचतंय की," म्हणत शिवप्पानं कडेच्या ज्वारीची चार पोती गोठ्यात टाकली.

इथं माझी एक लबाडी कबूल करतो. कडेला थोडं खराब व्हायचंच, पण या खेपेला उंदरानं माझ्या कुशीला भोक पाडलं होतं आणि न्हाणीचं पाणी आत झिरपत होतं. गळकं पेव लोक बुजवून टाकतात, त्या भीतीनं मी ते लपवलं.

गोठ्यात चंद्री नावाची कालवड होती. निंगव्वा विधवा. लेक महादेवीला अक्कलकोटकडे देताना तिनं भर मांडवात शब्द दिला होता, की ही कालवड गाभण राहिली की आंदण म्हणून पाठवीन. महादेवीचे सासरे ईरप्पा चार-सहा महिन्यांनी एस.टी.नं येत, बशीतून चहा पीत आणि कालवडीला न्याहाळत. एकदा म्हणाले, "इहीणबाई, आंदण म्हणून शेळी देताय व्हय? तसं असंल तर मांडीवर घिऊनच जातो." निंगव्वा हसली, पण त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली नाही.

कारण ईरप्पांचं चुकत नव्हतं. दोन वर्षांची चंद्री वर्षाच्या वासराएवढी दिसायची. पोट सुटलेलं, पाय काड्या, अंगावरचे केस राठ. निंगव्वानं दृष्ट काढली, पायात काळा दोरा बांधला. मग तीच कडेची ज्वारी शिजवून रोजचं आंबोण दुप्पट केलं. जितकी माया वाढली, तितकी कालवड वाळली. मी खालून सगळं ऐकत होतो आणि मला माझंच पोट जड झालं होतं.

तेवढ्यात निंगव्वाचा भाऊ आजारी पडला. चंद्रीला शेजारच्या सुंदरम्माच्या हवाली करून ती महिनाभर सांगोल्याला गेली. परतली तर कालवड दावं ओढत होती आणि अंगावर तुकतुकी आली होती.

"काय चारलंस गं हिला?" निंगव्वानं विचारलं. आनंद होता, पण थोडी जळलीही होती.

"खोटं कशाला बोलू? तुजं आंबोण शिजवायचा मला कटाळा आला. कडबा टाकला, शेंगांचा पाला टाकला. ज्वारी माज्या कोंबड्यांस्नी घातली, तर मेल्यांनी अंडीच बंद केली."

पोत्यातली मूठभर ज्वारी पदरात बांधून निंगव्वानं जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली. डॉक्टरांनी दाणे हुंगले आणि समजावून सांगितलं, की ही बुरशी आहे आणि तिचं विष दाण्यात उतरतं. जनावर लगेच मरत नाही, पण लिव्हर बिघडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, वाढ खुंटते. शिजवून ते विष जात नाही.

"म्हंजे मीच घालत हुते," निंगव्वा म्हणाली. "माज्या हातानं."

घरी शिवप्पा म्हणत होता, उरलेली चांगल्या ज्वारीत मिसळून बैलांना घालू. निंगव्वानं ऐकलं नाही. "जी माज्या ताटात न्हाय, ती कुणाच्याच दावणीत न्हाय." सगळी ज्वारी तिनं बांधावर नेऊन जाळली. मग शिवप्पा पुन्हा आत उतरला आणि भोक सापडलं. तो पेव बुजवायला निघाला होता. निंगव्वा म्हणाली, पाणी आपल्या न्हाणीचं, त्यात पेवाचा काय दोष? तिनं न्हाणी परसात हलवली आणि मला लिंपून घेतलं. माझा गुन्हा तिनं स्वतःच्या अंगावर घेतला, हे तिला अजून माहीत नाही.

चंद्री वर्षभर उशिरा, पण भरली. गाभण राहिल्याचं पत्र गेलं, तसे ईरप्पा आले. चहा बशीत तसाच ठेवून कालवडीभोवती दोनदा फिरले. मग हळूच म्हणाले, "इहीणबाई, खरं सांगतो. रिकाम्या हातानं परत जायचं म्हणून आलतो. दावं बी आणलं न्हाय."

निंगव्वानं खुंटीवरचं नवं दावं काढून त्यांच्या हातात दिलं.

आज पुन्हा सुगीची ज्वारी माझ्या पोटात भरली आहे आणि मी सुखात आहे. तुमच्याकडे पेव असो, कणगी असो की साधं पोतं, उघडलंत की पहिली मूठ नाकाशी धरा. मुक्या जनावरांना तक्रार सांगता येत नाही, आणि आम्हा पेवांना सांगवत नाही.

चला. वर निंगव्वा चिखल कालवतेय. माझं तोंड लिंपायची वेळ झाली.