कोरडी पिशवी

पित्ताशय काढून चार दिवस झाले, तरी अण्णांचं पोट उतरायचं नाव घेईना. उलट ते तट्ट फुगलं होतं, अंगात ताप होता आणि दुखत होता म्हणे उजवा खांदा! आतलं पाणी बाहेर यावं म्हणून पोटात ठेवलेल्या नळीची पिशवी मात्र दोन दिवस कोरडी ठणठणीत. म्हणजे आत काही गळत नाही, नळी काढून टाकू, असं कालच ठरलं होतं.

आई जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हा डॉक्टर म्हणतील त्याला लेकीने मान डोलावली होती. अण्णांच्या बाबतीत ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

"सकाळच्या सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं," तिने सर्जनबाईंना विचारलं, "मग ते पिशवीत का येत नाही?"

सर्जनबाई थबकल्या. चादर बाजूला करून त्यांनी नळीवरून बोट फिरवत नेलं. कमरेजवळ नळीचा चाप बंद होता.

"हा कोणी लावला?"

अण्णांनी छताकडे पाहिलं. उभा जन्म नळदुरुस्तीत गेलेला. "थेंब थेंब गळत होतं हो. डोळ्यांदेखत कसं सोडायचं? हात आपोआप गेला."

"अण्णा! आणि दोन दिवस गप्प?"

"थांबलं होतं ना! मला वाटलं, जमलं."

"काका, बाहेरची मोरी बुजवलीत, घरात तळं झालं," म्हणत बाईंनी चाप उघडला. हिरवट पिवळं पित्त भराभरा पिशवीत उतरलं.

दुपारी तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेत औषध सोडून फोटो काढले. मुख्य पित्तनलिका धड होती. गळत होती ती यकृतातून पित्ताशयाकडे येणारी केसाएवढी वाट. ती अशी गळणं विरळाच.

"तिला टाका घातला?" लेकीने विचारलं.

"नाही. मुख्य नलिकेच्या तोंडात बारीक नळी बसवली. पुढे मोकळी वाट मिळाली की पित्त त्या फटीकडे फिरकत नाही. फट आपली आपण भरते."

अण्णा कोपरावर उठू पाहत होते. "म्हणजे गळतीला हातच लावायचा नाही? नुसता दाब उतरवायचा?"

"झोपा आधी," लेक म्हणाली. मग तीच बाईंकडे वळली. "भरायला किती दिवस लागतात?"

सहाव्या दिवशी ताप नव्हता, पोट मऊ होतं. अण्णा भिंत धरून जिन्यापर्यंत चालत गेले. ती मागोमाग, हात न लावता, पण हाताच्या अंतरावर.